रात्रभराचा फड दहाच्या आत

मागच्या वर्षी चैत्रात आमच्या तालुक्यातल्या एका गावच्या यात्रेला मी भाच्याला बरोबर घेऊन गेलो. तो पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. अंगात काळा टी-शर्ट आणि त्यावर टोकदार पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीत ‘मेटॅलिका’ असं लिहिलेलं. घरून निघताना त्याच्या नानीला, म्हणजे माझ्या अम्मीला, ती अक्षरं विजेच्या डीपीवर असते तसल्या धोक्याच्या पाटीसारखी वाटली होती. तिनं त्याला शर्ट बदलायला सांगून पाहिलं. त्यानं बदलला नाही.

एसटीत मी त्याला विचारलं, की हे काय आहे? तो म्हणाला, “मामू, हा बँड आहे. हेवी मेटल.” मी म्हटलं, हेवी म्हणजे जड आणि मेटल म्हणजे धातू. मग आपल्या तमाशातलं कडं काय वेगळं आहे? तेही लोखंडाचंच, आणि कानाशी वाजलं तर दोन दिवस घुमतं. त्याला कडं म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मला मेटॅलिका माहीत नव्हती. पाऊण तासाच्या प्रवासात आम्ही एकमेकांचं अज्ञान थोडं कमी केलं. आज जे बोलणार आहे त्याची सुरुवात त्या एसटीत झाली.

त्यानं सांगितलेली गोष्ट अशी. १९८१ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसला काही पोरांनी हा बँड काढला. त्यांचं वाजवणं फार वेगाचं आणि फार गुंतागुंतीचं. १९८६च्या त्यांच्या अल्बममध्ये आठ-आठ मिनिटांची गाणी होती, १९८८च्या अल्बममध्ये एक गाणं जवळजवळ दहा मिनिटांचं. एका गाण्यात चारदा ताल बदलायचा. त्यांचे चाहते म्हणजे एक पंथच होता. पण हीच गाणी घेऊन ते गावोगाव दौऱ्यावर गेले तेव्हा गाणी फारच लांब झाली आहेत हे त्यांना रंगमंचावरूनच कळलं. समोरच्यांचे चेहरे सांगत होते. मग १९९१ साली त्यांनी नवा निर्माता घेतला आणि नवा अल्बम काढला. कव्हर सगळं काळं. गाणी लहान, ताल सरळ, चाल एकदा ऐकली की ओठावर बसणारी. तो अल्बम एकट्या अमेरिकेत दीड कोटीहून जास्त खपला. २०११ साली ते बंगळूरला येऊन गेले, तेव्हा भाचा शाळेतही जात नव्हता याचं त्याला अजून दुःख आहे.

जुन्या चाहत्यांनी मात्र त्या काळ्या अल्बमवरून त्यांना शिव्या घातल्या. विकले गेले म्हणाले.

हे ऐकताना मी खिडकीबाहेर बघत होतो. करंजीच्या घाटासारखा एखादा ओळखीचा रस्ता दुसऱ्याच गावात भेटावा तसं मला झालं होतं. नावं तेवढी वेगळी. ताल, वेळ, चेहरे पडलेला प्रेक्षक, आणि शेवटी ‘विकले गेले’ ही शिवी. हे सगळं मी आमच्या नगर जिल्ह्यात, आता अहिल्यानगर जिल्ह्यात, तमाशाच्या फडाच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आणि ती शिवी देणाऱ्यांत एकदा मीही होतो.

माझे मामू भोंगेवाले होते. लग्न असो, उरूस असो, यात्रा असो, बांबूला दोन भोंगे बांधायचे आणि खाली पेटीवर रेकॉर्डी लावायच्या. यात्रेच्या दिवसांत मी त्यांच्या हाताखाली असे. पाथर्डी तालुका ऊसतोड मजुरांचा. दिवाळी झाली की गाड्या भरून माणसं कारखान्याला जातात आणि पट्टा पडला की, म्हणजे गाळप संपलं की, परत येतात. तेव्हाच चैत्र लागतो. होळीपासून पाडव्यापर्यंत मढीला कानिफनाथांची यात्रा आणि त्यानंतर गावोगावच्या यात्रा. सहा महिने पाचटात राबलेला माणूस रात्रभर बसून करमणूक करून घ्यायला आलेला असायचा. त्याला घाई नसायची. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढं सगळी भानगड वेळेचीच आहे.

दिवेलागणीला फडाची माणसं पाचट आणि कागद पेटवून त्यावर हलगी शेकायची. कातडं ताणलं की हलगीचा आवाज कडक होतो. मग ढोलकी आणि हलगी यांची सलामी सुरू व्हायची. ढोलकीचं एक तोंड बारीक बोलतं, दुसरं घुमतं. ढोलकीवाला कमरेला ढोलकी बांधून उभा राहायचा, हलगीवाला त्याच्यासमोर, आणि मधे तुणतुणं, झांज, कडं. यात नुसता गोंगाट नसायचा. हलगीनं एक बोल टाकला की ढोलकीनं तो उलटा करून परत द्यायचा, मग दुप्पट, मग चौपट. शेजारच्या गावातला माणूस सलामी ऐकून बैल सोडायचा आणि निघायचा, असं जुनी माणसं सांगत. मला ते खरं वाटतं, कारण मामूंचे दोन्ही भोंगे सलामीपुढं फिके पडायचे. मामू सलामी सुरू झाली की पेटी बंद करत आणि विडी पेटवत.

सलामीनंतर गण, मग गवळण. कृष्ण, पेंद्या, मावशी. मग बतावणी, सोंगाड्याची फिरकी. मधे लावण्या आणि सवाल-जवाब. आणि मध्यरात्र उलटली की वग. वग म्हणजे नाटकच, पण लिहिलेलं थोडं आणि जागेवर सुचलेलं जास्त. लोक वगासाठी थांबायचे. दादू इंदुरीकरांचं ‘गाढवाचं लग्न’, कवलापूरच्या काळू-बाळूंचा ‘जहरी प्याला’, या नावांवर तंबू भरत. संगमनेरच्या कांताबाई सातारकर वगात पुरुषाची भूमिकाही अशी करत, की बायकांच्या बाजूनं पहिली शिट्टी येई. (हो, बायकाही येत. पदर डोक्यावर घेऊन मागं बसत, पण येत.) वग संपायला पूर्वेला फटफटलेलं असायचं.

हा झाला माझ्या लहानपणचा, म्हणजे १९८०च्या आसपासचा फड. पण हाच ‘अस्सल’ आणि पुढचा बिघडलेला, असं म्हणायला मी आता धजत नाही. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

तमाशाला आमचा जिल्हा नवा नाही. पेशवाईतला अनंत फंदी संगमनेरचा. मलिक फंदी नावाच्या एका फकिराशी त्याची दोस्ती होती आणि ‘फंदी’ हे नाव त्याला तिथूनच चिकटलं असं सांगतात. फंदीची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. अहिल्याबाई होळकरांनी त्याचा तमाशा पाहिला आणि इतकी बुद्धी असून ती यात का घालवतोस म्हणून त्याला फटकारलं. फंदीनं तिथंच डफ फोडला आणि पुढं कीर्तन धरलं. खरंखोटं तो डफ जाणे. पण या जिल्ह्याच्या परंपरेत कलावंतानं आपला बाज बदलल्याची गोष्ट किती जुनी आहे बघा. आणि ज्यांच्या शब्दावर त्यानं तो बदलला म्हणतात, त्यांचंच नाव २०२४ साली जिल्ह्याला लागलं. फंदीच्या पंख्यांनी तेव्हा काय म्हटलं असेल? ‘बामणांत गेला’ म्हणाले असतील, किंवा ‘सुधारला’ म्हणाले असतील. ज्याची जशी तहान.

त्याच काळातला सगनभाऊ हा मुसलमान, शिकलगार घरातला, होनाजीच्या तोडीस तोड लावणी रचणारा. मी शाळेत असताना मराठीच्या मास्तरांनी त्याचं नाव घेतलं आणि माझ्याकडं बघून हसले, तेव्हापासून तो मला घरचा वाटतो. पण सगनभाऊच्या तमाशात वग नव्हता. वग आला त्यानंतर. सावळजच्या उमाबाबूंनी १८६५च्या सुमारास ‘मोहना-बटाव’ रचला, तो पहिला वग मानतात. म्हणजे ज्याच्यासाठी आम्ही पहाटेपर्यंत जागायचो तो वग पेशवाईतल्या माणसाला परकाच वाटला असता. त्यानंही म्हटलं असतं, अरे लावणी ऐकायला आलो, ही कसली सोंगं काढता?

मग पठ्ठे बापूराव आले. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. घरदार, जात, कुलकर्णीपण सोडून फडात उतरले. त्यांच्याबरोबर पवळा उभी राहिली, आमच्या जिल्ह्यातली, संगमनेरजवळच्या हिवरगाव पावसाची. तोवर फडात बाईचं काम नाच्या पोऱ्या करायचा. पवळेमुळं मुंबईच्या थिएटरांत तिकिटावर गर्दी झाली. म्हणजे फड गावच्या पारावरून थिएटरात गेला, पोऱ्याच्या जागी बाई आली, सुपारीच्या जागी तिकीट आलं. एवढे बदल एका पिढीत झाले आणि तरी तो तमाशाच राहिला, कारण ढोलकी आणि शब्द यांना कुणी हात लावला नव्हता. बापूराव १९४५ साली पुण्यात वारले, हलाखीत. लावण्या त्यांनी ढिगानं लिहिल्या होत्या. त्यांचं मरण आणि पुढची कथा यांत अंतर दोनच वर्षांचं आहे.

कारण १९४७ साली ‘लोकशाहीर राम जोशी’ हा चित्रपट आला आणि सिनेमाला तमाशाची चव लागली. १९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला. संगीत वसंत पवारांचं. पुण्याच्या विजयानंद टॉकीजला तो अडीच वर्षांच्या वर चालला. मग तमाशापटांची रांगच लागली आणि १९७२ साली व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ आला. राम कदमांचं संगीत, जगदीश खेबुडकरांचे शब्द, उषा मंगेशकरांचा आवाज. त्याआधी १९६५ साली वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मधून दादा कोंडक्यांनी शहरातल्या नाट्यगृहात वगनाट्य नेऊन बसवलं होतं. पांढरपेशा माणूस अडीच तासांत तमाशा बघून शेवटच्या बसनं घरी जायला लागला.

आता या सिनेमांतल्या लावण्या मला आवडत नाहीत असं म्हटलं तर ते खोटं होईल. सुलोचना चव्हाणांच्या आवाजावर मी वाढलो. मामूंच्या पेटीतली सगळ्यात जास्त झिजलेली रेकॉर्ड त्यांचीच होती. पण त्या लावणीचं काय झालं होतं ते मला फार उशिरा कळलं. जुन्या ७८च्या तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावायचं. फडातली लावणी कुठं तेवढ्यात मावते? तिथं एक कडवं झालं की बाई थांबायची, त्याच ओळीचा दुसरा अर्थ डोळ्यांनी सांगायची, सुरत्ये ‘जी जी रं जी’ची झील धरून ठेवायचे, ढोलकीवाला मधेच तिला अडवायचा, ती त्याला चकवायची. यमुनाबाई वाईकरांसारख्या बैठकीच्या लावणीवाल्या तर एकेका ओळीवर रेंगाळत. यमुनाबाई २०१८ साली शंभरी ओलांडून गेल्या, २०१२ची पद्मश्री घेऊन. त्यांची एक लावणी ज्यानं समोर बसून ऐकली त्याला साडेतीन मिनिटांची लावणी म्हणजे जेवणाच्या ताटाचा फोटो वाटेल.

सिनेमानं ते ताट कापून-बेतून लहान केलं. ताल एकच ठेवला, ठेका गोल केला, मागं व्हायोलिनं भरली, शब्द जरा सोवळे केले. जे केलं ते मोठ्या कसबानं केलं. वसंत पवार आणि राम कदम हे दोघंही तमाशाचा ठेका रक्तात असलेले संगीतकार. म्हणून तर ती गाणी घरोघर गेली. ज्या घरात तमाशाचं नाव काढलं तर आजोबा काठी उगारत, त्या घरात रेडिओवर ‘पिंजरा’तलं गाणं लागलं की आजी पाय हलवायची.

आणि मग ती गाणी फडाकडं परत आली. हा या इतिहासातला मला सगळ्यात विचित्र वाटणारा भाग आहे. यात्रेत संध्याकाळी मामूंच्या भोंग्यावर सिनेमातल्या लावण्या लागायच्या. रात्री त्याच मैदानात फड उभा राहायचा. लोक सलामीला बसायचे, गणाला हात जोडायचे आणि गवळण संपली की मागून आवाज यायचा, “पिंजऱ्यातलं होऊ द्या!” ज्या फडातून सिनेमानं लावणी नेली, त्याच फडानं सिनेमातली लावणी म्हणून दाखवावी अशी मागणी. आणि तीही तशीच, रेकॉर्डसारखी. बाईनं जरा हरकत घेतली, एखादी ओळ फिरवली, तर लोकांना ती चुकली असं वाटायचं. नक्कल ही मूळ ठरली आणि मूळ माणसं तिची नक्कल करायला लागली.

रेकॉर्डसारखं वाजवायचं तर वाद्यंही तशी लागणार. आधी पेटी, क्लॅरिओनेट. मग १९८०च्या पुढं की-बोर्ड, ऑक्टोपॅड, ड्रमसेट. मराठी लावणीपाठोपाठ हिंदी गाणी. गवळण आणि वग यांच्या मधल्या या भागाला रंगबाजी म्हणतात. ती आधी अर्धा तास असायची, ती दोन तासांची झाली. भाच्यानं मला एक गमतीची गोष्ट सांगितली. त्याच्या त्या बँडच्या १९८८च्या अल्बममध्ये बास गिटार वाजवणारा माणूस आहे, पण त्याची गिटार ऐकूच येत नाही. बाकीच्यांच्या आवाजात ती गडप झाली आहे. आमच्या फडात ढोलकीचं नेमकं हेच झालं. ढोलकीवाला होता. पोशाखात, फेटा बांधून, कोपऱ्यात उभा होता. वाजवतही होता.

याच सुमाराला माझी स्वतःची फजिती झाली. १९९१च्या चैत्रातली गोष्ट. मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो, कवी म्हणून तालुक्यात थोडं नाव झालं होतं, आणि मामूंच्या ओळखीनं एका फडासाठी मी सवाल-जवाब लिहून दिला. विहीर आणि पाण्याचा टँकर यांचं भांडण. दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला दुसरा कुठला विषय सुचणार? बारा कडवी होती. विहीर टँकरला त्याचं कूळ विचारते, टँकर विहिरीला तिचा तळ विचारतो, आणि शेवटी दोघंही पावसाकडं बघतात, असं काहीतरी. मी रात्र-रात्र जागून मात्रा मोजल्या होत्या.

पाथर्डीत बाजारतळावर तंबू लागला. मी मित्रांना घेऊन पुढच्या रांगेत बसलो. रंगबाजीत लागोपाठ नऊ गाणी झाली, सगळी सिनेमातली, आणि मग माझा सवाल-जवाब आला. दोन कडवी झाली. तिसरं यायची मी वाट बघतो आहे तोवर ऑक्टोपॅड वाजलं आणि दहावं गाणं सुरू झालं.

वगाच्या आधी मी रागानं मागं कनातीत गेलो. फडमालक स्टुलावर बसून पायाला तेल चोळत होते. त्यांना सगळे अण्णा म्हणत. मी तरुण होतो, जीभ सैल होती. मी म्हणालो, “अण्णा, तुम्ही तमाशा विकला.” ते रागावले नाहीत. म्हणाले, “शायर, बसा. तुमची बारा कडवी चांगलीच हायेत. मी सगळी वाचलीत. पर तिसऱ्या कडव्याला मागची कनात हलती.”

मला कळलं नाही. त्यांनी समजावलं. तंबूच्या मागच्या बाजूची कनात हलायला लागली म्हणजे लोक उठून जायला लागले. आज उठलेला माणूस उद्या तिकीट काढत नाही. मग त्यांनी मला फडाचा हिशेब सांगितला, कुणी मागितला नसताना. शंभराच्या वर माणसं. चार ट्रक. कलावंतांना आणि वादकांना हंगामापूर्वी उचल द्यायची, ती सावकाराकडून व्याजानं आणलेली. दसऱ्याला नारळ फोडून बाहेर पडायचं ते आठ महिने घराचं तोंड बघायचं नाही. पाऊस पडला की खेळ बंद, गावात कुणी वारलं की खेळ बंद, पोरांत मारामारी झाली की खेळ बंद, आणि माणसांना दोन वेळ जेवण मात्र रोज. पाडव्यानंतर नारायणगावला राहुट्यांत बसायचं, गावकरी येतात, सुपारी ठरते. आणि तिथं बसल्यावर गावकरी पहिला प्रश्न काय विचारतात? वग कोणता आहे हे नाही. नवीन गाणी कोणती बसवलीत आणि पोरी किती आहेत, हे.

मी घरी येऊन मामूंना हे सांगितलं. ते तारांचं भेंडोळं करत होते. म्हणाले, “रेकॉर्ड को भूक नै लगती, भांजे. आदमी को लगती.”

मी त्या रात्री अण्णांना दिलेली शिवी पुढं बरीच वर्षं माझ्या डोक्यात राहिली. तमाशा विकला म्हणणारे आम्ही पुढच्या रांगेतले, फुकट पासावर बसलेले. भाच्याचा तो काळा अल्बम त्याच १९९१ सालचा निघाला, आणि तो ऐकून खवळलेल्या अमेरिकन पोरांविषयी तो बोलत होता तेव्हा मला एसटीत हसू आलं ते यामुळं.

पण दोन्हींत एक फरक आहे, आणि तो लहान नाही. मेटॅलिकाला निवड होती. ते आधीच नावारूपाला आलेले होते. अजून दहा मिनिटांची गाणी केली असती तरी पंथातले लोक तिकीट काढतच राहिले असते. त्यांना वाटलं म्हणून ते बदलले आणि वाटलं तेव्हा परत लांब गाण्यांकडंही गेले. जुनी दहा मिनिटांची गाणी तबकडीवर आहेत, भाचा ती मोबाइलवर ऐकतो. अण्णांना निवड नव्हती. आणि फडानं जे सोडलं ते तबकडीवर कुठं नाही. वगातलं जागेवर सुचलेलं बोलणं, सोंगाड्यानं त्या-त्या गावच्या सरपंचाला मारलेला टोमणा, सलामीतली ती उलटसुलट फेक, हे त्या रात्रीबरोबर संपायचं आणि दुसऱ्या रात्री नवं व्हायचं. ते करणारा माणूस थांबला की संपलं.

राहिलेलं काम घड्याळानं केलं. २००० साली केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं तेच पक्कं केलं. वर्षातले मोजके दिवस राज्य सरकारला बारापर्यंत सूट देता येते, पण ते दिवस बहुतेक गणपती-नवरात्रांसारख्या सणांत जातात. नियम चांगला आहे. माझ्या अम्मीला रक्तदाब आहे, तिच्या खिडकीखाली रात्री एकला डीजे वाजावा असं मी म्हणणार नाही. पण वग हा मध्यरात्रीनंतर सुरू होणारा प्रकार होता. रात्री नऊला जेवून लोक तंबूत येणार आणि दहाला पोलीस शिट्टी मारणार, तर मधल्या वेळात काय दाखवायचं? गण एक कडव्याचा, गवळण दहा मिनिटांची आणि बाकी रंगबाजी. वग पहिल्यांदा दीड तासावर आला, मग पाऊण तासावर, मग त्याचा फार्स झाला, मग बऱ्याच ठिकाणी तो फक्त जाहिरातीच्या बोर्डावर उरला. की-बोर्डानं ढोलकीचा आवाज झाकला होता. वग गेला तो घड्याळामुळं.

२०१०च्या पहिल्या दिवशी ‘नटरंग’ प्रदर्शित झाला, अजय-अतुल यांचं संगीत घेऊन, आणि पुन्हा तेच चक्र फिरलं. त्या हंगामात प्रत्येक फडाला ‘नटरंग’मधली गाणी करावी लागली. मग २०२० आणि २०२१ असे दोन चैत्र करोनानं नेले. यात्रा नाहीत, राहुट्या नाहीत, उचल मात्र डोक्यावर. त्यातच मे २०२१मध्ये संगमनेरला कांताबाई सातारकर गेल्या. त्यांचा मुलगा रघुवीर खेडकर यांनी आईच्या मागं फड चालू ठेवला. हल्ली गावोगावच्या यात्रेत फडाऐवजी नुसत्या नृत्याचे कार्यक्रम ठरतात. खर्च कमी, माणसं दहा-बारा, मागं वादक नाही, पेन ड्राइव्ह. मामू असते तर म्हणाले असते, शेवटी स्टेजवर माझी पेटीच चढली.

त्या यात्रेत आम्ही भाच्याला म्हणून फड बघितला. साडेआठला सुरू झाला, दहाला पाच कमी असताना संपला. गाणी बावीस झाली, मी मोजली. वग नव्हता. ढोलकी दोनदा ऐकू आली. भाच्याला वाईट वाटलं नाही, त्याला गाणी माहीत होती, तो उभा राहून नाचला. मला जरा कंटाळा आला, आणि तो आल्याबद्दल थोडी लाजही वाटली. कारण पंचवीस-तीस पोरी त्या दीड तासात क्षणभर थांबल्या नव्हत्या.

रात्री आम्ही मित्राच्या वस्तीवर मुक्काम केला. सकाळी हजेऱ्या होत्या. आमच्या भागात यात्रेच्या दुसऱ्या दिवशी कलावंत देवळासमोर येऊन हजेरी देतात, मग दुपारी कुस्त्यांचा हगामा. हजेरीला तिकीट नसतं, माईक नसतो, पोशाखही नसतो. रात्री कोपऱ्यात फेटा बांधून उभा असलेला तो ढोलकीवाला सकाळी साध्या बनियनवर, लुंगीत आला. साठीचा असेल. हलगीवाल्यानं देवळामागं पाचट पेटवून हलगी शेकली. दोघं समोरासमोर उभे राहिले. एक म्हातारा कडं घेऊन मधे बसला.

सलामी सुरू झाली तसा भाचा पुढं सरकला. हलगीनं टाकलेला बोल ढोलकीनं उलटा करून दिला तेव्हा त्यानं माझा दंड धरला. थोड्या वेळानं ताल फिरला, मग परत फिरला. त्यानं मोबाइल काढला आणि मग बहुधा बॅटरी संपत आली म्हणून खिशात ठेवला. पहिली फेरी संपल्यावर ढोलकीवाला घाम पुसत होता, तेव्हा हा जवळ जाऊन म्हणाला, “काका, हे असं किती वेळ वाजवता?”

ढोलकीवाल्यानं त्याच्या काळ्या शर्टाकडं बघितलं. म्हणाला, “पाव्हणं, शेरणी वाटून होईस्तोवर.” आणि त्यानं ढोलकीची दोरी परत कमरेला आवळली. गाव मोठं होतं. शेरणी वाटायला सव्वा तास लागला.